गॉटलंड: लव्हाळ्याची छपरे आणि हिवाळ्यातली माणसे

स्वीडनच्या पूर्व किनाऱ्यापासून दूर, बाल्टिक समुद्रात असलेल्या गॉटलंड बेटाचे वर्णन जुलैत तिथे जाऊन आलेल्या माणसाने केले आणि पाठोपाठ जानेवारीत जाऊन आलेल्याने केले, तर दोघांपैकी एकजण थापा मारतो आहे असे ऐकणाऱ्याला वाटेल. जुलैतला माणूस विस्बी शहराच्या गुलाबांबद्दल, सुमारे साडेतीन किलोमीटर लांबीच्या मध्ययुगीन तटबंदीबद्दल, पडक्या चर्चच्या कमानींखाली चालणाऱ्या मैफलींबद्दल आणि रात्री दहापर्यंत रेंगाळणाऱ्या उजेडाबद्दल बोलेल. जानेवारीतला माणूस वाऱ्याबद्दल बोलेल, बंद दुकानांबद्दल बोलेल, आणि मुख्य भूमीवरच्या न्यूनेसहाम्न बंदराहून सव्वातीन तासांत येणारे जहाज वादळामुळे सुटलेच नाही, तर अख्खे बेट ज्या शांतपणे खांदे उडवते, त्याबद्दल बोलेल. दोघेही खरेच बोलत असतात. बेटावर कायमची राहणारी माणसे सुमारे ६१,००० आहेत आणि उन्हाळ्यात येणाऱ्यांची संख्या त्यांच्या कित्येक पट असते. स्टॉकहोमचा दूरध्वनी क्रमांक ०८ ने सुरू होतो, म्हणून राजधानीहून येणाऱ्यांना ‘शून्य-आठवाले’ म्हणून चिडवण्याची रीत स्वीडनभर आहे. गॉटलंडमध्ये ती उन्हाळ्यात जरा जास्तच कामी येते.

मीही शून्य-आठवालीच. नोकरीसाठी स्टॉकहोमला राहू लागल्यावर पहिली काही वर्षे मी हे बेट इतरांसारखेच पाहिले, म्हणजे उन्हाळ्यात, आइस्क्रीम खात. पुढे कार्यालयातल्या एका मैत्रिणीमुळे बेटाच्या उत्तर टोकाकडच्या तिच्या माहेरच्या शेतावर जाणे-येणे सुरू झाले आणि शरद ऋतूतले, हिवाळ्यातले गॉटलंड थोडेफार कळू लागले. इथल्या चालीरीतींबद्दल माहितीपत्रकांत बरेच छापलेले असते. पण इथली कोणती चालरीत अजून जिवंत आहे हे ओळखायचे असेल, तर ती पार पाडायला किती माणसे लागतात, हे आधी विचारावे, असे मला वाटू लागले आहे. एकट्याने भागणाऱ्या गोष्टी इथे केव्हाच यंत्रांनी नेल्या. ज्यांना पंधरा-वीस माणसे लागतात, त्याच गोष्टी उरल्या आहेत, आणि त्याही माणसे आहेत तोवरच.

छपराचेच घ्या. गॉटलंडमध्ये आणि त्याच्या उत्तरेला चिकटून असलेल्या फोरो बेटावर, कुरणांच्या मधोमध, जवळजवळ जमिनीपर्यंत उतरलेल्या उभट गवती छपरांच्या बुटक्या इमारती दिसतात. हे मेंढ्यांचे निवारे. इथली मूळची मेंढी, जिच्या मादीलाही शिंगे असतात, बारा महिने उघड्यावर राहते आणि वाऱ्यापावसाने फारच पिच्छा पुरवला तर या निवाऱ्यात शिरते. छपरासाठी वापरतात ते गवत म्हणजे दलदलीत वाढणारे, आपल्या लव्हाळ्याच्या कुळातले एक दणकट पाते. त्याला इथे ‘आग’ म्हणतात. त्या पात्याच्या कडांना करवतीसारखे बारीक दात असतात. मैत्रिणीच्या वडिलांनी एक पाते माझ्या तळहातावर ठेवले आणि बुंध्याकडून टोकाकडे बोट फिरवायला सांगितले; काहीच जाणवले नाही. मग उलट फिरवायला सांगितले. मी नको तितक्या उत्साहाने फिरवले. रक्ताचा थेंब वर आला तेव्हा ते म्हणाले, “आता तुला हातमोजे कशासाठी ते कळले,” आणि मला मोज्यांची जोडी दिली.

या गवताने छप्पर शाकारणे हे एका घराचे काम नाही. गवत दलदलीतून कापायचे, वाळवायचे, वाहून आणायचे आणि पेंढ्या लावून ठेवायच्या, हे सारे आधी झालेले असते; पण जुने छप्पर उतरवून नवे चढवायचे ते शक्यतो एका दिवसात, कारण उघडे पडलेले वासे आणि बाल्टिकचा पाऊस यांची गाठ कुणाला घालून द्यायची नसते. म्हणून शेजारची शेते ठरलेल्या दिवशी माणसे पाठवतात. मजुरी नसते, जेवण असते, आणि आपले छप्पर निघेल त्या वर्षी हीच माणसे आपल्याकडे येतील, हे न बोलता ठरलेले असते. मी ज्या दिवशी तिथे होते, त्या दिवशी सकाळी जुने गवत खाली आले तेव्हा ते कुजून काळे पडलेले होते, वर शेवाळाचा जाड थर होता, आणि त्यातून निघालेली धूळ अशी की दुपारपर्यंत सगळ्यांचे चेहरे एका घराण्यातले दिसू लागले. खालच्या वाशांपैकी एक वासा कुठल्या तरी फुटलेल्या जहाजाचा होता. किनाऱ्याला लागलेले लाकूड वाया न घालवणे ही फोरोच्या सुतारकामाची जुनी सवय आहे, आणि त्या वाशाला पडलेली जुनी भोके कशाची, यावर दोन शेजाऱ्यांचा बराच वेळ वाद चालला.

वर बसणारे मोजकेच असतात, आणि ते जाणते असतात. वळचणीपासून सुरुवात करून थरावर थर चढवत आढ्यापर्यंत जायचे; प्रत्येक थर पायाने दाबायचा, बाहेर आलेली टोके सारखी करायची. खाली उभ्या असलेल्यांनी पेंढ्या सोडायच्या, झटकायच्या, काट्याने वर द्यायच्या. मुलांनी सांडलेले गोळा करायचे. मैत्रिणीचे वडील गुडघ्यांमुळे आता वर चढत नाहीत. ते पन्नास पावलांवर, कुरणाच्या दगडी कुसवाला टेकून उभे राहतात आणि हातातल्या काठीने हवेत छपराची रेघ ओढतात. काठी उजवीकडे गेली की वरचा माणूस उजवीकडे भर घालतो. मला आधी ते वडीलधाऱ्या माणसाला मान म्हणून दिलेले काम वाटले होते. दुपारनंतर ते कॉफीला आत गेले आणि अर्ध्या तासात छपराला पोट आले, तेव्हा काठीचे काम काय आहे ते उमगले.

आता हे गवतच कमी झाले आहे, हा या गोष्टीचा दुसरा पदर. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या आरंभी गॉटलंडच्या मोठमोठ्या दलदली शेतजमिनीसाठी चर खणून कोरड्या करण्यात आल्या. त्या काळाच्या हिशेबाने ते शहाणपणाचेच होते. भुकेल्या देशाला धान्य हवे होते, आणि गवती छपरांच्या जागी कौले नि पत्रे येतच होते. अशाच एका कोरड्या केलेल्या दलदलीत, मेस्तरम्यूरमध्ये, १९३६ साली नांगरणी करताना एका शेतकऱ्याच्या फाळाला ओकच्या लाकडाची पेटी लागली. पेटीभोवती साखळी होती, आणि पेटीत व आसपास मिळून लोहार-सुताराची दोनशेहून अधिक हत्यारे व वस्तू होत्या: करवती, हातोडे, कानशी, कुऱ्हाडी. सुमारे हजार वर्षांपूर्वी कुणाची तरी नाव तिथे, तेव्हा पाणी होते त्या जागी, उलटली असावी. स्टॉकहोमच्या इतिहास संग्रहालयात ही पेटी पाहताना आधी वाटते ते नवल आणि मग वाटते ती त्या कारागिराची कणव. सगळी हत्यारे एकदम गेलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी काय केले असेल? दलदल आटवली नसती तर ही पेटी सापडली नसती, आणि दलदल आटवल्यामुळेच आज एका छपराला पुरेल इतके गवत जमवायला लांब लांब फिरावे लागते. दोन्ही बाजू मांडून बेरीज करायला मी धजावत नाही.

छप्पर झाले की जेवण, आणि जेवणाबरोबर घरची ‘ड्रिका’. ही इथली बिअर आहे, पण बाटलीतल्या बिअरची सवय असलेल्याला तिची ओळख पटायला वेळ लागतो. बर्चच्या लाकडावर धुरावलेले माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, आणि जुनिपर या सदाहरित झुडपाच्या डहाळ्या उकळून काढलेले पाणी हा तिचा पाया. मोठ्या पिंपाच्या तळाशी जुनिपरच्या फांद्या आणि काड पसरून त्यातून ती गाळतात. ताजी असताना गोडसर आणि धुरकट लागते, दिवस जातील तशी आंबट होत जाते. तेव्हा कुणाच्या घरी कधी पोचायचे याचे अंदाज लोक बांधून असतात. प्रत्येक शेताची ड्रिका वेगळी, आणि शेजाऱ्याची नेहमी किंचित बिघडलेली. गोड म्हणून केशराचा पॅनकेक येतो. नावावरून फसू नये: तो तव्यावरचा नाही, तांदळाच्या खिरीत अंडी, साय, बदाम आणि केशर घालून भट्टीत भाजलेला असतो, चौकोनी वड्या पाडून कोमट वाढतात, वर फेटलेली साय आणि साल्मबेर नावाच्या निळसर रानफळाचा मुरंबा. केशर-बदाम-तांदूळ एवढे ऐकून माझ्या जिभेने आपल्या साखरभाताची तयारी केली होती. प्रत्यक्षात आला तो सौम्य, अंगाने भरीव, साखरेच्या बाबतीत फारच संयमी पदार्थ. बेटावर ना तांदूळ पिकतो ना केशर. व्यापारी जहाजांनी आणलेल्या चैनीच्या वस्तू सणासुदीला, लग्नाला आणि मयताच्या जेवणाला जपून वापरायच्या, हा त्या पदार्थामागचा इतिहास ताटलीत सरळ दिसतो.

व्यापाराचा उल्लेख आलाच आहे, तर सांगायला हवे की हे व्यापारी मुळात शेतकरीच होते. १९९९ मध्ये बेटाच्या उत्तरेला स्पिलिंग्स नावाच्या शेतात वायकिंग काळातला जो चांदीचा साठा निघाला, त्यात सुमारे ६७ किलो चांदी आणि चौदा हजारांहून अधिक नाणी होती, त्यातली बहुतेक इस्लामी राज्यांतली. ती राजवाड्याच्या तळघरात नव्हती, एका शेतावरच्या इमारतीच्या जमिनीखाली होती. पुढे बाराव्या ते चौदाव्या शतकांत याच शेतकऱ्यांनी गावोगाव दगडी चर्च बांधली. विस्बीबाहेर अशी ९२ मध्ययुगीन चर्च आजही उभी आहेत, तीही अवशेष म्हणून नव्हे, वापरात. कुठल्याही रस्त्याने दहा-पंधरा मिनिटे गाडी चालवावी की झाडांच्या वर एक मनोरा येतो. आत जावे तर भिंतींवर रंगवलेले संत, दगडात कोरलेली बाप्तिस्म्याची पात्रे, गार्डाच्या चर्चमध्ये तर थेट रशियन-बायझंटाइन वळणाची चित्रे.

इतकी चर्च टिकली कशी, याचे उत्तर काहीसे कडवट आहे: नवी बांधायला पैसाच राहिला नाही. २७ जुलै १३६१ रोजी डेन्मार्कचा राजा वाल्देमार याच्या फौजेने विस्बीच्या तटाबाहेर गॉटलंडच्या शेतकऱ्यांची कत्तल केली. शहरातल्या व्यापाऱ्यांनी दरवाजे उघडले नाहीत. लढाई संपल्यावर त्यांनी शरणागती पत्करली. तिथल्या सामूहिक कबरींतून विसाव्या शतकात हजाराहून अधिक सांगाडे निघाले, कित्येकांच्या अंगावर चिलखते तशीच, आणि त्यांत म्हातारे होते, कोवळी मुले होती. शहर आणि गावे यांच्यात त्याआधी, १२८८ मध्ये, यादवी झालेलीच होती, तेव्हा तो तट केवळ परक्यांसाठी नव्हता. बेट स्वीडनकडे परत आले ते १६४५ मध्ये. दरम्यान वैभव गेले, आणि गरिबीने चर्च जशीच्या तशी सांभाळली. मैत्रिणीच्या आई अजूनही विस्बीला जायचे म्हणजे ‘शहरात’ जायचे असे ज्या सुरात म्हणतात, त्यात मला थोडे १३६१ ऐकू येते. मैत्रीण म्हणते की त्यात फक्त गाडी लावायला जागा न मिळण्याचा वैताग आहे.

प्रत्येक चर्चभोवतीचा परिसर म्हणजे एक ‘सोकन’, आपल्याकडच्या गावासारखे एकक. कारभारासाठी सोकनचे महत्त्व १९५२ मध्येच संपले, आणि १९७१ पासून सगळे बेट ही एकच नगरपालिका आहे. तरी कुणाची ओळख करून देताना आधी सोकन सांगतात, मग शेताचे नाव, आणि मग जमल्यास आडनाव. काही सोकनांत शंभर माणसेसुद्धा उरलेली नाहीत. तेवढ्यांनी आठशे वर्षांचे दगडी चर्च, त्याचे छप्पर, त्याची स्मशानभूमी आणि त्याची घंटा सांभाळायची आहे, आणि त्यातले निम्मे नाताळखेरीज प्रार्थनेला येत नाहीत. मैत्रिणीचे वडील स्वतःला नास्तिक म्हणवतात, आणि चर्चच्या आवारातले गवत कापण्याची त्यांची पाळी त्यांनी कधी चुकवलेली मला माहीत नाही. यात त्यांना विसंगती दिसत नाही. खरे तर मलाही दिसत नाही.

खेळांचेही असेच. दर जुलैत स्टोंगा या गावी गॉटलंडचे पारंपरिक खेळ भरतात. १९२४ पासून हे चालू आहे. खांब उभा उचलून फेकणे हा पाहुण्यांच्या कॅमेऱ्याचा आवडता खेळ, पण बेटाचा जीव वार्पा आणि पेर्क या दोन खेळांत आहे. वार्पा म्हणजे चपटा दगड जमिनीत रोवलेल्या खुंटीच्या शक्य तितक्या जवळ फेकणे. पुरुष वीस मीटरवरून फेकतात. आता बहुतेक जण धातूची चकती वापरतात, पण आजोबांचा दगड कापडात गुंडाळून आणणारेही असतात. पेर्क सातजणांच्या दोन संघांत चेंडूने खेळतात. त्याचे नियम मला दोन उन्हाळ्यांत समजावून सांगूनही नीट कळलेले नाहीत, आणि ते कळू नयेत अशीच खेळणाऱ्यांची इच्छा असावी असा माझा संशय आहे. इथे बक्षिसापेक्षा संघ जमणे महत्त्वाचे. सातवा माणूस मिळाला नाही, तर त्या सोकनचा संघ त्या वर्षी उतरत नाही, आणि ही गोष्ट वर्षभर ऐकून घ्यावी लागते.

ऑगस्टमध्ये विस्बीत मध्ययुग सप्ताह असतो, १९८४ पासून. तटाच्या आत झूल पांघरलेले घोडे, चिलखतातली मंडळी, भाजलेले मांस, आगीचे खेळ. नाटकी म्हणून त्याला नाके मुरडणे सोपे आहे आणि मीही ते केले आहे. पण त्या वेशभूषांपैकी कितीतरी बेटावरच्या घरांत हिवाळाभर हाताने शिवलेल्या असतात, आणि नोव्हेंबरच्या काळोखात आठवड्यातून एकदा चार बायका एका टेबलाभोवती बसून लोकरीला टाके घालतात, हे कळल्यावर माझे मत पुष्कळ मवाळ झाले. जूनच्या अखेरीस येणाऱ्या राजकारण्यांच्या आल्मेदालन सप्ताहाबद्दल मात्र तसे काही सांगता येत नाही. पुढे स्वीडनचे पंतप्रधान झालेले ओलोफ पाल्मे यांनी १९६८ मध्ये ट्रकच्या हौद्यावर उभे राहून भाषण केले, त्यातून तो सुरू झाला. आता तो पाहुण्यांनी पाहुण्यांसाठी भरवलेला असतो.

फोरोला जायचे तर सामुद्रधुनी ओलांडणारी पिवळी फेरीबोट आहे, तिला तिकीट नाही. शीतयुद्धामुळे हा भाग लष्करी क्षेत्रात होता आणि १९९० च्या दशकापर्यंत परदेशी माणसांना इथे येता येत नसे. चित्रपट-दिग्दर्शक इंगमार बर्गमन इथेच राहिले आणि २००७ मध्ये इथेच वारले. फोरोच्या चर्चच्या आवारात त्यांची कबर आहे. त्यांचे घर कुठे, असे विचारणाऱ्या पाहुण्यांना फोरोची माणसे भलतीच वाट दाखवत, हे सगळे जण सांगतात, आणि सांगताना त्यांना जो आनंद होतो, त्यावरून ते खरे असावे. शेजारी जपणे हेही बेटाचे एक सामुदायिक कामच होते. त्याच चर्चमध्ये बर्फाच्या तुकड्यावर अडकून समुद्रात वाहून गेलेल्या सील-शिकाऱ्यांचे जुने चित्र लावलेले आहे. कबर पाहायला जाणाऱ्यांनी ते चुकवू नये.

फोरोवर कायम राहणारी माणसे आता पाचशेच्या आसपास आहेत, आणि उन्हाळी घरे त्याहून अधिक. किनाऱ्यावरच्या मासेमारीच्या झोपड्या पूर्वी शेतांच्या मालकीच्या असत, वसंतात आणि शरदात हेरिंगसाठी तिथे मुक्काम पडे. आज त्यांतल्या कितीतरी हौसेने राखलेल्या आहेत, पण दारासमोर जाळे नाही. घरांच्या किमती स्टॉकहोमच्या पगाराने ठरतात, त्यामुळे बेटावर वाढलेल्या तरुण जोडप्याला आपल्याच सोकनमध्ये घर परवडत नाही. पाण्याचेही तसेच: चुनखडीचा खडक, वर मातीचा पातळ थर, पावसाचे पाणी भेगांतून निघून जाते, आणि नेमक्या जुलैत, माणसे सर्वांत जास्त असताना, विहिरी उतरतात. बागेला पाणी घालण्यावर बंदीचे फलक लागतात. २०१६ पासून समुद्राचे पाणी गोडे करणारे केंद्रही चालू आहे. हे सारे कुणी दुष्टपणे घडवलेले नाही. उन्हाळी घरवाल्यांतले बहुतेक या बेटावर मनापासून प्रेम करतात. अडचण एवढीच की ते प्रेम सहा आठवड्यांचे असते, आणि छपराचे गवत, चर्चचे आवार, पेर्कचा सातवा गडी यांना उरलेले शेहेचाळीस आठवडेही माणूस लागतो.

गेल्या शरदात मैत्रिणीच्या गावच्या शाकारणी मंडळापुढे हाच प्रश्न आला होता. सभासद कमी होत चालले होते, आणि उन्हाळी घरे असलेल्या काही जणांनी मंडळात येण्याची इच्छा दाखवली होती. वाद बराच झाला. एकाचे म्हणणे होते की ही माणसे फोटो काढायला येतील. दुसऱ्याचे, की फोटो काढता काढता पेंढी उचलली तरी चालेल. शेवटी त्यांना घ्यायचे ठरले, एका अटीवर: छप्पर शाकारण्याच्या दिवशी आलात तर पाहुणे, पण सभासद व्हायचे असेल तर गवत कापायला दलदलीत उतरायला हवे, आणि ते काम उन्हाळ्याच्या सुट्टीत ठेवले जाणार नाही. यादीत सात नावे आली. मैत्रिणीच्या वडिलांनी त्यात आठवे नाव मला न विचारता लिहिले, आणि रबरी बुटांचे माप तेवढे कळवायला सांगितले.